प्रभावतीचा वेल आणि माझं मौन

नवस मीच बोलले होते, कोणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर आमचे हे आतून ओरडतील की सगळं सांगितलंस, तेवढं बरं विसरलीस... पण तुम्हीच सांगा, लाईट एवढी लांबेल, आणि ती कशामुळे येत नाही हे अख्ख्या वाडीत मला एकटीलाच ठाऊक असेल, असं देवीपुढे हात जोडताना कोणाच्या मनात येतं? आणि नवस तरी कसला, तर मौनाचा. मी, आणि मौन. सकाळी स्नेहाने, म्हणजे आमच्या लेकीने, पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, सांगितलं, 'आज आई बोलणार नाही,' तर तो सायकलवरून उतरला, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, 'दोतोराक आपयला मगे?' डॉक्टर बोलावला काय म्हणे. दिवसभर ही अशीच सहानुभूती.

तुम्ही म्हणाल, एवढे नवस पडलेत जगात, मौनच का? अहो, दुसरं उरलं होतं काय? गूळ मी स्नेहाच्या मॅट्रिकला सोडला. वांगं ह्यांच्या पाठीला. दुधी धाकट्या दिराला मुरगावच्या बंदरात चिकटवायला सोडला, तो चिकटला, आता दर चवथीला, म्हणजे गणपतीला, येऊन मला विचारतो, 'वयनी, दुधीचा हलवा का नाही केला?' अळू सोडलं, चहातली साखर सोडली, फणस तर दोन देवांत वाटून सोडला, गरे एकाला आणि भाजी एकाला. पाहुणा आला की स्नेहा त्याला सांगते, 'आई काय खात नाही ते विचारू नका, काय उरलंय ते विचारा.' तेव्हा सोडण्यासारखी एक जीभच शिल्लक होती. ती मी सातेरीमायच्या पायांवर ठेवली.

आणि वेळही तशीच होती हो. आपलं गोव्याचं राज्य झालं त्या वर्षीची चवथ ती. आमची गिरण आधी डिझेलवर चालायची. पिठाला वास यायचा डिझेलचा. मोदकाला वास, पातोळीला वास, देवापुढे नैवेद्य ठेवला की मलाच लाजल्यासारखं व्हायचं, की हा बाप्पा आता सोंड फिरवतो की काय. म्हणून मी ह्यांच्या मागे लागून लागून ते इंजिन विकायला लावलं आणि विजेची मोटर बसवून घेतली. हे तयार नव्हते. म्हणाले, 'पेडण्याच्या लाईटीवर भरवसा ठेवून गिरण चालवायची? त्यापेक्षा मी हातानं चाक फिरवतो.' मी म्हटलं, देव आहे. ते म्हणाले, 'देव आहे गे, पण लाईन चोपड्यावरून येते.' चोपडे म्हणजे नदीकाठचं गाव. तरी ऐकलं माझं. आणि मोटरीची ही पहिलीच चवथ. वाडीतल्या प्रत्येक घरचे तांदूळ-गहू आमच्या ओसरीत येऊन पडलेले, पिशव्यांवर पिशव्या, वर गाठीला चिंध्या बांधून खूण केलेल्या, कोणाची लाल, कोणाची चौकड्याची, आणि दळण निम्म्यावर आलेलं असताना तिन्हीसांजेला असा वारा सुटला, असा पाऊस आला, की जनेलाची, म्हणजे खिडकीची, दोन्ही दारं आपटली आणि मोटर जी बसली, ती बसली.

चवथ परवावर. पीठ नाही तर मोदक नाही, पातोळ्या नाहीत, नेवऱ्या नाहीत. एका घरचा नाही, अख्ख्या वाडीचा गणपती आमच्या ओसरीत अडकला होता. आणि हे कंदील लावताना एकच वाक्य बोलले, तेही माझ्याकडे न बघता. 'इंजिन घेतलेला तो माणूस अजून परत देईल काय, उद्या विचारून बघतो.'

बस्स. तशीच देवघरात गेले, निरांजन लावलं आणि बोलून मोकळी झाले... 'सातेरीमाय, घरात लाईट येईपर्यंत माझ्या तोंडातून शब्द निघणार नाही.' आणि मागे एकदा एकादशीला मौन धरून मी पाटीवर लिहून लिहून एवढं बोलले होते की ह्यांनी पाटी माळ्यावर फेकली, म्हणून यंदा पक्कं सांगितलं, 'जिभेनं नाही आणि अक्षरानंही नाही.' हातवाऱ्यांचं तेवढं सांगायचं राहिलं. ते मायनं चालवून घेतलं असावं.

झालं. सकाळ झाली. स्नेहा म्हणाली, आई किती छान दिसतेस गप्प असताना, अगदी फोटोतल्यासारखी. मी दुर्वा काढायला मागे भाटात, म्हणजे परसातल्या बागेत, गेले. आता आमचं भाट आणि शेजारच्या प्रभावतीवयनीचं भाट, मधे एक वंय, म्हणजे कुडाचं कुंपण, आणि त्या कुंपणाला लागून तिच्या बाजूला विजेचा खांब. मोठ्या लाईनीचा. खांब वाऱ्याने कलू नये म्हणून वरून जमिनीपर्यंत तिरकी तार ताणून बांधलेली असते ना, ती तार तुम्ही बघितली असेल. बरं, ती तार बघून तुम्हाला काय सुचतं? काही नाही ना? प्रभावतीला घोसाळी सुचली. आयता मांडव! पावसाच्या तोंडावर तिने तारेच्या बुंध्याशी बी टाकलं आणि वेल जो चढला, जो चढला, माटोळीला आपलं घोसाळं वाडीत सगळ्यांत लांब असलं पाहिजे म्हणून ती रोज येऊन त्याची शेंडी वर वर लावून द्यायची. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळाभाज्यांचं जे छत बांधतो ते, आणि त्यात कोणाचं काय टांगलंय हे बघायलाच निम्मी वाडी आरतीला येते, आपण आपली साधी माणसं, आपण काही बोलत नाही.

तर मी वाकून दुर्वा खुडतेय आणि वर 'चर्र' झालं. मान वर केली. वेलाची शेंडी वरच्या तारेला टेकलेली, निळी ठिणगी, पानं करपली, धूर, आणि आमच्या स्वैपाकघरातला दिवा डोळा मिचकावल्यासारखा लागून विझला. म्हणजे तिकडून लाईटखात्यातल्यांनी लाईट सोडून बघितली होती आणि ती ह्या घोसाळ्याच्या वेलाला लागून परत गेली होती. वारा पडला तसा वेल खाली झुकला आणि शहाण्यासारखा गप्प उभा राहिला, जणू तो नव्हेच.

मला कळलं. जे लाईटखात्याला कळलं नव्हतं ते मला दुर्वा काढताना देवीने दाखवलं. आनंदाने अशी किंकाळी घशापर्यंत आली...

आणि मी मौनात.

डोळा मिचकावला त्याला काही लाईट आली म्हणत नाहीत. तुम्हाला सांगते, पोटात एवढी मोठी बातमी घेऊन गप्प बसणं म्हणजे काय, ते दिवस भरलेली बाई सांगेल, दुसरं कोणी सांगणार नाही. मी धावत घरात. हे ओसरीवर दाढी करत होते. मी त्यांच्यापुढे उभी राहिले, हात वर केला, खांब दाखवला, बोटांनी वेल चढवला, शेवटी दोन्ही हात फुटल्यासारखे उघडले. ह्यांनी वस्तरा थांबवून सगळं नीट पाहिलं. म्हणाले, 'कळलं. मूर्ती आणायला जाताना दारूसामान आणायचं. आणतो.' मी परत केलं. ते म्हणाले, 'अगे, आणतो म्हटलं ना, फुलबाज्याही आणतो.' संसाराची एवढी वर्षं सोबत काढली, आणि माझी भाषा ह्यांना फक्त आवाजासकटच कळते.

तेवढ्यात आले, देव पावला, लाईटखात्याचे दोघे आले. महादेव आणि सगुण. महादेव सावंतवाडीकडचा, बोलायला गोड, आणि सगुण इथलाच, तो फक्त मान हलवतो. रात्रभर पावसात खांब मोजत आलेले, चिखलाने गुडघे माखलेले. महादेव पायरीवर बसला आणि म्हणाला, 'गोकुळदासबाबानू, लाईन सोडलंव काय जाता, सोडलंव काय जाता. खंयतरी लागता, पण खंय ता गावना नाय. कोणी ठिणगी बघितल्यानी काय? फाट करून आवाज आयकलो काय? तुमची गिरण लाईनीच्या जवळ, म्हणान पयलो तुमका इचारतंय.'

विचारतोय! माझ्याच दारात बसून, माझ्याच हातचा चहा पिऊन, मला ठाऊक असलेली गोष्ट माझ्या नवऱ्याला विचारतोय!

आणि मी मौनात.

मी पुढे झाले. त्याचा हात धरायचा तेवढा बाकी ठेवला. मागच्या दाराकडे बोट, वर बोट, वेल, ठिणगी, सगळं केलं. महादेव घाबरून ह्यांच्याकडे बघायला लागला. 'वयनीक बरा नाय काय?' हे म्हणाले, 'नवस आहे. बोलत नाही.' महादेवाने कप खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले, मला. 'धन्य तुमची वयनीनू. आमच्यासाठी देवाक साकडा घातलास.' मी परत वर बोट केलं. तो म्हणाला, 'व्हय व्हय, वरच्याचीच कृपा व्हयी.' सगुणने मान हलवली. ह्यांनी मात्र टोमणा मारायची संधी सोडली नाही. म्हणाले, 'महादेवा, राज्य झालं रे आता, आता तरी लाईट टिकायला हवी.' महादेव उठता उठता म्हणाला, 'राज्य झाला म्हणान वारो सुटाचो बंद झालो काय बाबानू?' आणि निघाले दोघे, चोपड्याच्या रस्त्याला, खांबापासून उलट्या दिशेला, माझ्या डोळ्यांदेखत.

मी कुंपणापर्यंत मागे पळाले. टाळ्या वाजवल्या. सगुणने वळून पाहिलं आणि त्यानेही टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं आरती चाललीय.

मग दिवस वर आला आणि बायका आल्या. हरताळकेचा उपास, पोटात काही नाही, त्यात पीठ नाही. एकेक जण पिशवी उघडून बघतेय, पीठ झालंय की तांदूळच आहेत, जसं काही मी आत बसून दाणेदाणे चावून ठेवणार होते. कोणी म्हणते जातं काढा. आता जातं आहे कोणाच्या घरी? वाडीतल्या दत्तारामच्या घरी आहे म्हणून कळलं, तर जात्याच्या वरच्या तळीवर कपडे धुतात. खालची तळी कोंबड्यांच्या पाण्याला. ती घासून, धुऊन, दोघी बसल्या दळायला, आणि ते साबणाच्या वासाचं पीठ बघून मला आमच्या डिझेलच्या पिठाची आठवण आली, म्हटलं नको, बाप्पाला यंदा न्हाऊ घालतील मोदकांनी.

म्हटलं म्हणजे मनात म्हटलं.

आणि पुरुष? ते ओसरीत बसून भांडत होते. वीज का नाही यावर नव्हे, ते कोणी विचारतच नव्हतं. राजभाषा कोंकणी की मराठी, यावर. कायदा होऊन गेला होता, तरी त्या वर्षी सगळीकडे तेच होतं ना. दत्ताराम एका बाजूला, आमचे हे दुसऱ्या बाजूला, आवाज असे चढलेले की पिशव्यांच्या गाठी सुटतील. आणि मी चहाचं ताट घेऊन मधून फिरतेय. कुठल्या भाषेत बोलावं यावर सगळा गोवा भांडत होता आणि ज्या बाईकडे बोलण्यासारखं काहीतरी होतं ती कुठल्याच भाषेत बोलत नव्हती. दत्ताराम कप घेताना म्हणाला, 'वयनी, तुमचं मत काय?'

काय सांगू? मी मौनात.

दुपारी ह्यांनी शर्ट चढवला. मी डोळ्यांनी विचारलं, कुठे? म्हणाले, 'इंजिनवाल्याकडे. सांजेपर्यंत धकधक सुरू करतो, वास आला तर येऊ दे, गणपती समजून घेईल.' अहो, एकदा ते इंजिन परत आलं की ह्या जन्मात ते जाणार नाही. मग आयुष्यभर मी मोदक करताना नाकाला पदर लावणार आणि हे आयुष्यभर म्हणणार, देव आहे गे, पण...

आणि बघा, देवी कशी असते. ह्यांनी चप्पल घातली आणि लाईट आली.

आली. खरीच आली. ओसरीतला दिवा, देवघरातला दिवा, मोटरीने हूं केलं, बायका उठून उभ्या राहिल्या. नवस फिटला, तोंड मोकळं झालं, आता मी काय करायला हवं होतं? तुम्ही काय केलं असतं? तुम्ही धावत जाऊन ओरडला असता की वेल कापा, हो की नाही? पण तिन्हीसांजेला असो की दुपारी असो, घरात दिवा लागला की हात जोडायचे ही माझी लहानपणापासूनची सवय. हात जोडले. डोळे मिटले. 'सातेरीमाय, पावलीस गे,' म्हटलं. मग रवळनाथाला सांगितलं, मग भगवतीला सांगितलं, नाहीतर तिला वाटेल मला वगळलं. मग कुळाचा देव. मग म्हटलं, आता मागणं मागून घ्यावं, देव समोर असताना मागितलेलं बरं. आणि जी जीभ कालपासून गप्प ठेवली होती, ती सुटली ती थेट नवसातच सुटली... 'माय, अशीच टिकू दे. जर का गेली, तर पुन्हा मौन.'

आणि गेली.

डोळे उघडले तर अंधारलेला चेहरा ह्यांचा. म्हणाले, 'बोललीस ना आत्ता? मग बोल काय ते. सकाळपासून हात का नाचवतेस?' सगळ्या बायका माझ्याकडे बघताहेत. स्नेहा म्हणाली, 'आई, सांग लवकर.'

आणि मी मौनात. माझ्याच तोंडाने. नवा कोरा नवस, देवीने अजून पुसलाही नव्हता.

स्नेहा कपाळाला हात लावून खाली बसली. हे म्हणाले, 'तुझ्या आईला लाईटखात्यात घ्यायला हवी होती, तिथे पण असंच असतं, येते आणि जाते.' तेवढ्यात महादेवाचा निरोप आला रस्त्यावरून, की अर्धी लाईन तोडून सोडली तर ती टिकून उभी राहिली होती, पुढची जोडली आणि गेली, म्हणजे लागतंय ते पलीकडे, आम्ही नदीकडे जातो. नदीकडे! अहो, वारा पडला होता म्हणून वेल खाली झुकला होता, म्हणून उभी राहिली. वारा उठला, वेल उठला, लाईन गेली. आता हे दोघे चोपड्याच्या धक्क्यावर जाऊन मासेमारांना विचारणार, ठिणगी बघितलीस काय रे.

तेव्हा मी ठरवलं. बोलायचं नाही, लिहायचं नाही, पण हात तर मोकळे आहेत. आंबे काढायची लांब कोंडी, म्हणजे बांबूची काठी, घेतली, तिच्या टोकाला कोयता बांधला, पदर खोचला आणि निघाले. बायकांना वाटलं, झालं, उपासाने हिच्या डोक्यात गेलं. आल्या मागोमाग. पिशव्या टाकून पुरुषही आले, भाषेचा प्रश्न तसाच अर्धा टाकून. मी कुंपण ओलांडलं, खांबाखाली उभी राहिले आणि कोयता वर उचलला, तशी समोरून प्रभावती.

'कितें करता गे? म्हजी घोसाळीं?'

आता प्रभावती वाईट नाही, तसं मी म्हणणार नाही, माझ्या बाळंतपणाला ती पहिली आली होती. पण माटोळीच्या आदल्या दिवशी शेजारीण कोयता घेऊन आपल्या सगळ्यांत लांब घोसाळ्याखाली उभी दिसली तर तुम्ही तरी काय समजणार? ती सुरू झाली. 'पावसभर शेंडी लावून वाढवलं मी, आणि कापायला ही. विचारायचं तरी. दिलं नसतं काय मी? दिलं नसतंच, पण विचारायचं तरी.' मी वर बोट केलं. 'हां, तेंच, वयलें, तेंच जाय तुका, सगळ्यांत लांब तेंच.' म्हणजे वरचंच हवंय मला. मी मान हलवली. 'आतां नाका म्हणटा. उलय मगे. एरवी वंयीच्या अल्याड बसून गोंय गाजयता, आणि आज तोंडांत मूग दवरल्यात काय?' एरवी गोवा गाजवतेस, आज बोल की म्हणे.

तुम्हाला सांगते, ह्या वाडीच्या इतिहासात प्रभावतीशी झालेलं एकही भांडण मी हरले नाही. एकही नाही. असे असे जबाब माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभे होते, रांगेत, धुतलेले, इस्त्री केलेले. तुझ्या घोसाळ्याने वाडीचा गणपती उपाशी ठेवला, हा एकच सोडला असता तर ती बसली असती.

आणि मी मौनात. आणि लोक म्हणताहेत, 'बघा, सुमंगलाकडे जबाबच नाही.'

मी कोंडी वर नेली. आणि तेवढ्यात मागून सायकलची घंटा नव्हे, सायकलच फेकल्याचा आवाज, आणि महादेवाची अशी बोंब... 'वयनी, ठेय ती! हात खाली! लाईन सोडतंत आता!'

कोंडी हातातून गळून पडली. पावसात भिजलेली कोंडी, वर लोखंडाचा कोयता, खाली मी, उपाशी. महादेवाने कोंडी पायानेच लांब ढकलली. तो नदीकडे निघाला होता, लोक भाटात का धावताहेत म्हणून वळून बघायला आला होता. मला म्हणाला, 'मराची होतस. चवथीच्या आदल्या दिसाक मराची होतस तू.' आणि ओरडता ओरडताच त्याने मान वर केली, कोयता कुठे लागणार होता ते बघायला... आणि मान तशीच वर राहिली. सगुणही वर बघायला लागला. मग प्रभावतीने वर पाहिलं. मग सगळ्यांनीच. शेंडीची काळी पडलेली पानं, तारेपासून वीतभर खाली, वाऱ्याने हलताहेत, आत्ता टेकतील की मग टेकतील अशी.

महादेव खालच्या आवाजात म्हणाला, 'सगुण, फोनार जा. सांग, लाईन सोडू नको, कोण काय सांगतलो तरी सोडू नको.' सगुण दुकानाकडे धावला, मान न हलवता. त्या माणसाला मी पहिल्यांदा धावताना पाहिलं.

मग मात्र त्यांनी सगळं रीतसर केलं. सगुण परत येऊन लाईन बंद असल्याचं सांगेपर्यंत महादेवाने कोणालाही तारेजवळ फिरकू दिलं नाही. मग साखळीसारखी तार वर टाकून लाईन जमिनीला बांधली, मग खांबावर चढला, वेल वरून सोडवत सोडवत खाली आणला. ते घोसाळं हातभर लांब होतं हो, खोटं कशाला बोलू, आणि एका अंगाने भाजून काळं. महादेवाने ते प्रभावतीच्या हातात ठेवलं. ती घोसाळं उलटसुलट करून बघत राहिली. भाजलेली वस्तू माटोळीला चालत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला तिचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. तिने कुठे मुद्दाम केलं होतं? देवासाठीच वाढवलं होतं तिनेही. मी आमच्या परड्यातून तवशी आणली, काकडी हो, चांगली लांब, पिवळी पडत आलेली, आमच्या माटोळीला ठेवलेली, आणि तिच्या हातात दिली. काही न बोलता. दुसरं काही करताच येत नव्हतं म्हणा.

ती तवशी छातीशी धरून म्हणाली, 'तुका कळिल्लें? सकाळसावन?'

मी मान डोलावली.

'आणि सांगलें ना?'

मी वर बोट केलं. ह्या वेळी सगळ्यांना कळलं की मी देवाकडे दाखवतेय.

आणि लाईट आली. तुम्हाला सांगते, आली ती राहिली. मी हात जोडले, पण तोंड घट्ट मिटून जोडले, ह्या वेळी काहीच मागितलं नाही, तिथेच उभी राहून दिवा जातो की काय ते बघत राहिले. जात नाही म्हटल्यावर पळाले घराकडे. ह्यांनी चप्पल काढली, शर्ट काढला, खुंटीला लावला, आणि इंजिनाचं नावही काढलं नाही, त्यातच मला सगळं पावलं. पट्टा चढवला, खटका दाबला. ओसरीत रांग लागली, पहिली प्रभावती, तांदळाची पिशवी आणि काखेत तवशी.

आता माझी पाळी. नवस फिटला, लाईट टिकली, सगळी वाडी समोर, सगळ्यांचे कान माझ्याकडे. मी पदर सावरला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. सकाळच्या दुर्वांपासून. ठिणगी सांगितली, दाढी सांगितली, फुलबाज्या सांगितल्या, महादेवाला मी काय दाखवत होते आणि त्याला काय दिसलं ते सांगितलं, दत्तारामला राजभाषेवरचं माझं मत सांगितलं, आणि प्रभावतीला ते रांगेतले सगळे जबाब एकेक करून, हसत हसत, प्रेमाने, पण एकही न गाळता ऐकवले. ती मान डोलावत होती. सगळे मान डोलावत होते. एवढे समजूतदार लोक मी कधी बघितले नव्हते. मला भरून आलं.

मग पीठ घेऊन प्रभावती माझ्याजवळ आली, कानाला तोंड लावून, पूर्ण ताकदीने ओरडली, 'कितें म्हणटालें गे तूं? गिरणीच्या आवाजांत कांयच आयकूंक येना!'

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, तुम्हीही असा नवस बोला. चवथीच्या तोंडावर लाईट गेली की देवीपुढे बसा आणि तोंडाला कुलूप घाला, देवी पावते, मला पावली, खोटं नाही. फक्त मौन सुटायच्या वेळी, तेवढं ऐका माझं, गिरणीपासून लांब उभे राहा.